राग उतरवण्याचा क्रम: आधी हातपाय, मग उच्छ्वास, मग बोलणं

"राग आला की दीर्घ श्वास घ्या" हा सल्ला सगळ्यांना पाठ आहे, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत तो उलटा पडतो. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या सकाळच्या योगवर्गात मार्केट यार्डात अडत दुकान चालवणारे एक गृहस्थ येतात. आल्या आल्या त्यांनी तक्रार केली, "मॅडम, श्वास घेतला की अजूनच डोस्कं तापतंय बघा." मी म्हटलं, रागात घेता तसाच घेऊन दाखवा. त्यांनी छाती फुगवली, खांदे कानाला भिडवले, अंगठे आत कोंडून मुठी आवळल्या आणि हवा तशीच आत धरून ठेवली. डोकं तापणारच.

राग आला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढतो, जबडा, मान, हात ताठ होतात. छातीत हवा आधीच भरलेली असते, त्यात आपण आणखी ओढतो. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. म्हणून रागात घेण्यापेक्षा सोडणं महत्त्वाचं. हरिपूरला हळदीचं पेव, म्हणजे जमिनीखालचं कोठार, उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नसे, कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ देत. इथेही तोच क्रम.

दुसरी चूक "राग एकदाचा बाहेर काढायचा" या समजुतीतून होते. उशी बडवणं, दार आपटणं, तरातरा धावत सुटणं. ओहायो स्टेट विद्यापीठातून २०२४ मध्ये आलेल्या एका आढाव्यात १५४ अभ्यास आणि १०,०००हून जास्त माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. शरीराची धग कमी करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे सावकाश श्वसन, स्नायू सैल सोडणं, ध्यान, योग यांनी राग घटला. धग वाढवणाऱ्या गोष्टींचा एकूणात उपयोग दिसला नाही, आणि जॉगिंगने तर राग वाढण्याकडेच कल होता. धावणं तब्येतीला चांगलंच, पण भांडण झाल्या झाल्या ते औषध म्हणून वापरू नका.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. सगळे मिळून साधारण १५-१६ मिनिटं पुरतात.

सुरू करण्याआधी: हे कुणी जपून करायचं

रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, चक्कर येण्याचा त्रास यांपैकी काही असेल तर श्वास रोखायचा नाही, डोकं कमरेच्या खाली न्यायचं नाही आणि मूठ किंवा भिंत जोर लावून दाबायची नाही. बाकीचं करता येतं, पण आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालून.

सावध: रागाच्या भरात छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम आला तर तिथे श्वसनाचा प्रयोग करत बसू नका. १०८ ला फोन करा.

पूर्वतयारी: ही राग नसताना करायची

बहुतेकांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं. राग आल्यावर पहिल्यांदा हे करून बघायचं असं ठरवलं तर एकही टप्पा आठवत नाही. शांत असताना रोज १० मिनिटं केलेलं असेल तरच वेळेला हातपाय आपोआप तिकडे वळतात. सकाळी चहाच्या आधी केलेलं उत्तम. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या.

जागा आधीच ठरवून ठेवा. गच्ची, परसदार, गोठ्यामागची मोकळी जागा, अगदी स्वयंपाकघरात ओट्यापाशीही चालेल. दोन पावलं पुढे-मागे सरकता आलं आणि एक भिंत हाताशी असली की झालं. एप्रिल-मे मध्ये दुपारच्या वेळी पत्र्याखाली किंवा गच्चीवर करू नका. उकाड्याने ठोके आधीच वाढलेले असतात, त्यात श्वास लांबत नाही. त्या दिवसांत घरातली गार फरशी बरी.

घरच्यांना एक वाक्य आधी सांगून ठेवा. याला मी फार महत्त्व देते. आपल्याकडे भरल्या घरात कुणी न बोलता उठून गेलं की तो अपमान धरला जातो, आणि मागून हाक येते, "बघा, बोलायचीसुद्धा पद्धत न्हाई." मग जिन्यातच दुसरं भांडण सुरू. वर्गातल्या एका सुनेने सासूबाईंशी एका निवांत दुपारी बोलून ठरवलं: "आत्या, माझं डोकं तापलं की मी पंधरा मिनिटं गच्चीवर जाईन. आले की तुमचं सगळं ऐकीन." यातलं दुसरं वाक्य पहिल्याइतकंच गरजेचं आहे. परत यायची वेळ सांगायची आणि त्या वेळेला परत यायचं. नाहीतर समोरच्याला ती पळवाट वाटते, आणि पुढच्या वेळी कुणी उठू देत नाही.

फोन खाली ठेवून जा. हातात फोन असला की बोटं व्हॉट्सॲपकडे जातात, आणि रागात पाठवलेला मेसेज डिलीट केला तरी समोरच्याने वाचलेला असतो.

गाडीची किल्ली घेऊ नका. "जरा नदीवर जाऊन येतो" म्हणून किक मारून निघालेला माणूस आयर्विन पुलावर कसा ओव्हरटेक करतो ते आपण पाहतोच. घाटावर जायचंच असेल तर चालत जा.

तपासा: जागा ठरली? घरच्यांना सांगितलं? निदान आठवडाभर शांत असताना सराव झाला? मग पुढे.

टप्पा १: राग अंगात कुठे आहे ते बघा (अर्धा मिनिट)

चप्पल काढा. पट्टा, साडीची किंवा पायजम्याची गाठ आवळलेली असेल तर सैल करा, नाहीतर पोट हलणार नाही आणि टप्पा ४ वाया जाईल.

उभं राहून वरून खाली एकदा नजर फिरवा. दातावर दात दाबलेत का? जीभ टाळूला चिकटलीये का? खांदे वर आहेत का? अंगठा मुठीच्या आत आहे का? पायाची बोटं जमिनीला धरून बसलीत का? जिथे ताठपणा सापडेल ते ठिकाण फक्त लक्षात ठेवा, लगेच सैल करायच्या मागे लागू नका. प्रत्येकाची जागा वेगळी असते. ओझी उचलणाऱ्यांचा राग मान आणि खांद्यात, दिवसभर काउंटरवर बसून गोड बोलावं लागणाऱ्यांचा जबड्यात, असं माझ्या बघण्यात वारंवार येतं.

मग रागाला शून्य ते दहा यातला एक आकडा द्या. हा आकडा शेवटी लागणार आहे.

सावध: आकडा आठच्या वर असेल तर डोळे मिटू नका. मिटल्या मिटल्या भांडण पुन्हा समोर उभं राहतं. समोरचं झाड, पाण्याची टाकी, दूरचं काहीतरी बघत राहा.

टप्पा २: पाय आणि हात (तीन मिनिटं)

पायांत कमरेएवढं अंतर घ्या, गुडघे किंचित वाकलेले. टाचा इंचभर उचला आणि हळू खाली सोडा. दहा-बारा वेळा. आपटायचं नाही. तळव्याखालची फरशी गार आहे, खडबडीत आहे, ओली आहे, ते कळलं पाहिजे.

आता हात. निम्म्या ताकदीने मूठ आवळा, पाच अंक मोजा, आणि सोडा. सोडल्यावर दहा अंक काहीच करू नका. बोटांत उबदारपणा किंवा हलकी मुंगी जाणवेल, ती जाणवू द्या. तीन वेळा. त्या अडत्यांना मी अंगठा बाहेर ठेवून मूठ वळायला लावली. पहिल्यांदा त्यांना ते जमेचना, अंगठा आपोआप आत जायचा. दुसऱ्या हाताने अंगठा धरून बाहेर ठेवला तेव्हा कुठे कोपरापर्यंतचा हात सैल पडला.

शेवटी मनगटं सैल सोडून हात धुतल्यावर पाणी झटकतो तसं झटका, पण सावकाश, अर्धा मिनिट.

नेहमीची चूक: आवळण्यावर सगळा जोर आणि सोडण्याला वेळच नाही. आवळणं फक्त सोडणं कळावं म्हणून आहे. दुसरी चूक, मूठ आवळताना श्वास धरणं. आवळताना तोंडातल्या तोंडात आकडे मोजलेत तर श्वास अडकत नाही.

टप्पा ३: खांदे, मान, जबडा (दोन-तीन मिनिटं)

खांदे वर उचला आणि "हा" असा बारीक आवाज करत खाली सोडा. पाच वेळा. मग खांदे मागच्या बाजूने गोल फिरवा, घाई न करता.

मान गरगर फिरवू नका. शाळेच्या कवायतीत शिकवलेली ती सवय चाळिशीनंतर त्रास देते, चक्करही येते. उजवा कान उजव्या खांद्याकडे झुकवा, दोन श्वास थांबा, मध्ये या, मग डावीकडे. एवढंच.

जबडा मात्र बहुतेक जण विसरतात, आणि बोलून बोलून घात होतो तो तिथूनच. गालावर कानाच्या पुढे, दात दाबल्यावर जिथे स्नायू फुगतो, तिथे बोटांच्या टोकांनी हळू गोल चोळा. तोंड थोडं उघडं. जीभ खाली पडू द्या. जांभई आली तर दाबू नका, चार-पाच आल्या तरी येऊ द्या.

तपासा: ओठ मिटलेले आणि दात सुटे, असं जमतंय का? जमत असेल तर श्वासाकडे जा. नसेल तर टप्पा २ पुन्हा एकदा करा. हातपाय ताठ असताना श्वासावर गेलात तर तो छातीतच अडकतो.

टप्पा ४: आधी सोडा, मग घ्या (तीन मिनिटं)

एक हात बेंबीच्या खाली ठेवा. ओठांचा छोटा चंबू करून हवा सावकाश बाहेर सोडा, पोट आत जाईपर्यंत. पिळून काढायची नाही, संपली असं वाटलं की थांबा. आता नाकाने श्वास आत येऊ द्या. ओढू नका, तो आपणहून येतो. हाताखालचं पोट वर आलं तर बरोबर चाललंय, आणि फक्त छाती वर आली तर पुढच्या वेळी श्वास आणखी थोडा कमी घ्या.

असे चार-पाच श्वास झाले की मोजायला लागा. तीन अंक आत, पाच अंक बाहेर. सवय झाल्यावर चार आत, सहा बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. तिथे पोचायची घाई नको. मोजण्याचाच ताण येत असेल तर आकडे सोडून द्या आणि भ्रामरी करा. ओठ मिटून, दात सुटे ठेवून बारीक गुणगुण. गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो, आणि घरात कुणाला वेगळं काही चाललंय असं वाटतही नाही.

सावध: बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, हलकं हलकं वाटलं तर ती "ऊर्जा" नाही. तुम्ही गरजेपेक्षा जास्त हवा घेताय, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. खाली बसा, मोजणं बंद, नेहमीसारखा श्वास चालू द्या. दोन-तीन मिनिटांत ठीक होतं.

रागात कपालभाती आणि भस्त्रिका करू नका, कितीही सवय असली तरी. दोन्ही वेगाचे प्रकार आहेत आणि त्या वेळी वेगच उतरवायचा असतो. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, तेही नको. अनुलोम-विलोम चालेल, पण टप्पा ६ मध्ये, कारण आत्ता नाकपुडीवर ठेवलेली बोटंसुद्धा चिमटा घेतात.

टप्पा ५: श्वासाला हालचाल जोडा (चार मिनिटं)

खालचे तीन प्रकार आहेत. दोन निवडा, तिन्ही करायलाच हवेत असं नाही.

हात उचलणं-उतरवणं: श्वास येताना दोन्ही हात समोरून खांद्यापर्यंत वर, सोडताना तळवे जमिनीकडे करून खाली. हात खाली येणं आणि उच्छ्वास संपणं एकाच वेळी झालं पाहिजे. आठ वेळा. हात आधी खाली आला तर तुम्ही घाईत आहात, एवढं त्यातून लगेच कळतं.

भिंत ढकलणं: कुणाला तरी ढकलून द्यावंसं वाटत असेल तर हा प्रकार. दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला, एक पाय मागे. उच्छ्वासाबरोबर निम्म्या ताकदीने भिंत ढकला, श्वास येताना जोर पूर्ण काढून घ्या. सहा वेळा. बडवणं आणि हे यांत फरक आहे: इथे आवाज नाही, झटका नाही, आणि प्रत्येक वेळी जोर सोडायचा असतो. रक्तदाब असेल त्यांनी हे न करता पुढचं करावं.

चालणं: तीन पावलं श्वास आत, पाच पावलं बाहेर. हात मोकळे, पाठीमागे बांधलेले नाहीत. नजर लांब. आमराईत सकाळी कित्येक जण तावातावाने फेऱ्या मारताना दिसतात, खालमानेने, ओठ हलवत, कालचं भांडण पुन्हा भांडत. अंग चालतं आणि राग तसाच राहतो. चालताना बोलणं सुरू झालं की तळव्यांकडे या: टाच टेकली, बोटं टेकली.

या टप्प्यावर कधी कधी रडू फुटतं. विशेषतः ज्यांना घरात रागावायची मुभाच नसते अशा बायकांना, आणि ज्यांना लहानपणापासून रडू दिलेलं नाही अशा पुरुषांना. काही बिघडलेलं नाही. बसा, उच्छ्वास लांब ठेवा, येऊ द्या. उरलेले प्रकार त्या दिवशी सोडले तरी चालतात.

टप्पा ६: टेकून बसणं (तीन मिनिटं)

भिंतीला पाठ लावून मांडी घाला, किंवा आडवं होऊन पिंढऱ्या खुर्चीवर ठेवा. डोळे अर्धे उघडे. अनुलोम-विलोम करायचा तर आता, न रोखता.

मन इथे वकिली सुरू करतं. "तो असं म्हणाला, मी असं म्हणायला हवं होतं." त्याच्याशी वाद घालू नका. मनात एवढंच म्हणा, "भांडण परत सुरू झालं," आणि लक्ष पाठ भिंतीला टेकलीये तिथे आणा. तीन मिनिटांत वीस वेळा आणावं लागलं तरी हरकत नाही. याच वेळी "मी त्याला माफ केलं" असं स्वतःला बजावू नका. माफीचा विचार उद्या-परवा करता येईल. जबरदस्तीची माफी जबड्यात जाऊन बसते.

तपासा: पुन्हा आकडा द्या. नऊचा सहा झाला तरी पुरे, शून्यावर यायची अपेक्षा नको. आकडा हललाच नसेल तर टप्पे २ ते ४ आणखी एकदाच करा. तरीही तसाच असेल तर आज त्या विषयावर बोलायचं नाही, एवढा निर्णय घ्या आणि तो घरच्यांना सांगा.

टप्पा ७: परत जाणं

घोटघोट पाणी प्या. सांगितलेल्या वेळेत परत जा. उशीर होणार असेल तर डोकावून सांगा.

पहिलं वाक्य पायरीवर असतानाच ठरवा, आणि त्यात एकच विषय ठेवा. "तुम्ही नेहमीच" किंवा "तुमच्या घरचे" अशी सुरुवात झाली की सगळी मेहनत पाण्यात. "सकाळी पैशाचं जे बोलणं झालं, त्यावर मला दोन मिनिटं बोलायचंय" असं चालतं.

राग खरा असेल, तुमचं म्हणणं रास्त असेल, तर ते सोडून द्यायला मी सांगत नाही. उलट ते नीट मांडता यावं म्हणूनच हा खटाटोप. बांध कोरला म्हणून भाऊबंदांशी वाद असेल तर बांधावर उभं राहून शिव्या देण्यापेक्षा भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज देणं कामाला येतं, आणि थरथरत्या हाताने गट नंबर चुकतो. मजुरी बुडवलेल्या मालकाकडे जाताना हजेरीची वही हातात असावी आणि आवाज बसलेला नसावा.

सावध: त्या रात्री दारू नको. सैल झाल्यासारखं वाटतं, पण जिभेचा ताबा जातो, आणि उतरवलेला आकडा पुन्हा वर चढतो.

जागा सोडता येत नसेल तेव्हा

दुकानाच्या काउंटरवर, एसटीच्या रांगेत, साहेबांसमोर. तिथे टप्पा २, ३ आणि ४ मधलं एवढंच करा: पायाची बोटं चपलेत दाबा आणि सोडा, दात सुटे करा, नाकानेच दोन-तीन लांब उच्छ्वास सोडा. कुणाला कळत नाही. गाडीवर असाल तर आधी गाडी बाजूला घ्या, एक पाय जमिनीवर टेका, मग करा.

लहान मुलांना सगळे टप्पे शिकवू नका. मूठ आवळून सोडणं आणि भ्रामरी पुरते. आणि मूल आकांत करत असताना "श्वास घे, श्वास घे" असं ओरडू नका. तुम्ही स्वतः त्याच्याशेजारी खाली बसून गुणगुणायला लागा.

हे पुरत नसेल तर

रोज राग येतो, हात उगारला जातो, वस्तू फुटतात, झोप उडाली आहे, किंवा राग ओसरल्यावर जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर व्यायामावर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढूनही दाखवता येतं.

आणि घरात मार तुम्हाला बसत असेल, तर तुमचा राग उतरवणं हा त्यावरचा इलाज नव्हे. महिलांसाठी १८१, तातडीची वेळ असेल तर ११२.

डॉक्टरांकडे जाताना आठवड्याभराची टिपणं घेऊन जा: राग किती वाजता आला, त्याआधी झोप आणि जेवण झालं होतं का, आकडा किती होता, कोणत्या टप्प्यानंतर तो किती उतरला, आणि कोणती औषधं चालू आहेत.